सायंकाळची पेज आणि आपले पथ्यपत्रक

रुग्णाच्या नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांची विचारपूस आपण सर्वजण करतो. औषधाची मात्रा, काल आणि अनुपान चिठ्ठीवर व्यवस्थित लिहितो. त्याच चिठ्ठीच्या तळाशी मात्र 'पथ्य : लघु आहार' एवढे शब्द लिहून मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाने हेच शब्द जवळजवळ पंचवीस वर्षे लिहिले. रुग्णाच्या घरी त्यांचे काय होते हे एकदा ध्यानात आले, आणि तेव्हापासून मनात घोळत असलेला विषय आज वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधविक्रेत्या मित्रांपुढे मांडत आहे.

कुडाळ परिसरातील एक शिक्षिका आमवातासाठी माझ्याकडे येत होत्या. वय पन्नाशीच्या आसपास. सकाळी बोटे आखडणे, गुडघ्यांना सूज, अन्नावर वासना नाही, जिभेवर जाड साम लेप. सिंहनाद गुग्गुळ, रास्नासप्तक काढा, सुंठ असा आपल्या सर्वांच्या परिचयाचा क्रम सुरू केला. दोन महिने झाले तरी उतार म्हणावा तसा पडेना. औषधे नियमित घेतली जात होती. काढा तर त्या पहाटे उठून स्वतः करीत. अखेर एके दिवशी मी त्यांना विचारले, "बाई, रात्री काय जेवता?" त्या सहज म्हणाल्या, "डॉक्टरांनू, तुमीच लिवलंय मां, लघु खावा म्हणान. म्हणान मी रातची चायबरोबर दोन बिस्किटां खातंय. मगे धा वाजता भूक लागली की वायच फरसाण."

'लघु' म्हणजे पचनास हलके, हे आपण प्रथम वर्षाच्या वर्गात शिकलो. बाईंनी त्याचा अर्थ 'थोडे' असा घेतला, आणि मराठी शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी तसा घेतला तर इतरांची काय कथा! दोन महिने माझा काढा मैदा, साखर आणि तळलेल्या डाळीच्या पिठाशी झगडत होता. यात दोष बाईंचा नव्हता, चिठ्ठी लिहिणाऱ्याचा होता.

त्यानंतर काही महिने मी प्रत्येक रुग्णाला एकच प्रश्न विचारीत राहिलो : सायंकाळी घरी किती वाजता पोहोचता आणि त्यानंतर चुलीवर काय चढते? उत्तरे ऐकून मन विषण्ण झाले. तालुक्याच्या गावी बँकेत, शाळेत, रुग्णालयात, औद्योगिक वसाहतीत काम करणारी स्त्री साडेसातला घरी येते. किनाऱ्यावर तारकर्ली-देवबागकडे पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करणारी घरे तर हंगामात पाहुण्यांना सुरमई-वडे वाढतात आणि स्वतः रात्री अकराला पाव खातात. घराघरांत दोन मिनिटांच्या शेवयांची आणि तयार सूपची पाकिटे आहेत. 'सूप' हा शब्द तर आता पथ्याचा समानार्थी होऊन बसला आहे. मुंबईचा मुलगा आजारी आईसाठी खोकाभर पाकिटे पाठवतो आणि आई ती भक्तिभावाने पिते. अन्नपदार्थाच्या वेष्टणावर घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. वाचकांनी घरातील एखादे पाकीट उलटे करून पाहावे. भाजीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक सूपांत मक्याचे पीठ, साखर आणि मीठ ही पहिल्या काही घटकांतच सापडतात, आणि ज्या भाजीचे चित्र वर असते ती खाली कुठेतरी चिमूटभर असते. दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाच्या रुग्णाने लोणचे सोडायचे आणि रात्री हे प्यायचे, याला पथ्य कसे म्हणावे?

आणि हे सर्व कोठे चालले आहे? ज्या जिल्ह्यात पेज आणि कुळथाची पिठी हे रोजचे अन्न आहे त्या जिल्ह्यात! शास्त्राने सांगितलेले मंड, पेया, यवागू, विलेपी हे कृतान्नभेद पाठ करताना पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला ते कल्पनेने समजून घ्यावे लागतात. आपल्याकडे ते आजीच्या टोपात होते. पेजेवरची निवळ म्हणजे मंड, शिते असलेली पातळ पेज म्हणजे पेया, दाट झाली की यवागू, आणि आटवल म्हणजे विलेपी. शार्ङ्गधराने पेयेला चौदापट, यवागूला सहापट आणि विलेपीला चौपट पाणी सांगितले आहे. आपल्याकडच्या वृद्ध स्त्रियांनी ग्रंथ वाचलेला नाही. पण आजाऱ्यासाठी, बाळंतिणीसाठी आणि शेतावर जाणाऱ्या गड्यासाठी पेज करताना त्यांचा हात पाण्याचे माप आपोआप बदलतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला 'मात्रा' या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. चरकाने सूत्रस्थानाच्या दुसऱ्याच अध्यायात अठ्ठावीस यवागू सांगितल्या. ज्या अध्यायाचा आरंभ शोधनद्रव्यांनी होतो त्याचा उत्तरार्ध पेजेला दिलेला आहे, याचा आपण पुरेसा विचार करीत नाही असे मला नम्रपणे वाटते.

पेजेची थोरवी परक्यांच्याही नजरेतून सुटली नव्हती. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात, म्हणजे आपल्या उंबऱ्याशीच, छापला गेला. त्यात मोडशीच्या प्रकरणात तो येथील वैद्यांच्या उपचाराविषयी लिहितो. तांदळाचे गाळलेले पाणी मिरे आणि जिरे घालून रुग्णास पाजतात व त्याला 'कांजी' म्हणतात, अशी नोंद त्याने केली आहे. पुढे चार शतकांनी, १९८० च्या दशकात, ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरून जलसंजीवनी देण्याचे प्रयोग झाले आणि पटकीच्या रुग्णांत जुलाबाचे प्रमाण त्याने कमी होते असे दिसून आले. (याचा अर्थ जलक्षय झालेल्या रुग्णास घरची पेज पाजत बसावे असा कोणी घेऊ नये, तेथे जलसंजीवनी आणि रुग्णालय हाच मार्ग.) जे पेय मंदावलेल्या अग्नीला इतके सोसते, ते दिवसभराच्या श्रमाने थकलेल्या माणसाच्या रात्रीच्या ताटात का नसावे?

यावर जुनी मंडळी पहिला आक्षेप घेतील तो असा की पेज ही रात्रीची नव्हेच. ती सकाळी दहा-अकराची. आक्षेप खरा आहे. शेतावरून, बागेतून आलेला माणूस उन्हे वर चढल्यावर पेज घेई, सोबत खोबऱ्याची कातळी किंवा भाजलेला सुका बांगडा, आणि रात्री भात व पिठी किंवा आमटी. पण त्या दिनचर्येत पहाटे उठणे होते, दिवेलागणीला जेवण होते आणि आठ-साडेआठला झोप होती. आज दुपारचे जेवण डब्यातले, घाईचे असले तरी पुरेसे असते. जे बिघडले आहे ते रात्रीचे. नऊ वाजता जेवून अकराला झोपणाऱ्यास भात, उसळ, तळलेला मासा आणि वर सोलकढी हे सर्व पचणे कठीण. दिनचर्या उलटली असेल तर पेजेची वेळही बदलावी लागेल. काल हा आहारविधीचा एक भाग आहे, आणि तो रुग्णाच्या घड्याळावरून ठरवावा लागतो.

दुसरा आक्षेप रुग्णाच्या घरातून येतो आणि तो अधिक चिवट आहे. पेज म्हणजे आजाऱ्याचे किंवा गरिबाचे जेवण, ही समजूत. एका गृहिणीने माझ्या सांगण्यावरून रात्री पेज केली तेव्हा यजमान ताटावरून उठले : "माका काय झालाहा, पेज देतंस ती?" मुंबईच्या गिरणीत राबून आलेल्या पिढीने पेज मागे टाकली ती केवळ चवीसाठी नव्हे, तिच्याशी जोडलेल्या दारिद्र्याच्या आठवणी मागे टाकण्यासाठी. तोच गृहस्थ मोठ्या हॉटेलात चांदीच्या काठाच्या वाडग्यातून 'सूप' म्हणून तेच पीत असेल, ही गोष्ट वेगळी. ही समजूत व्याख्यानाने जात नाही. पदार्थ पोटभरीचा, रुचकर आणि सर्व घराने एकत्र खावा असा असेल तरच जाते. म्हणून केवळ 'पेज घ्या' असे न सांगता मी हल्ली एक ठरावीक कृती देतो. ती शास्त्रदृष्ट्या कृशरा आणि कुळथाचा कृत यूष यांच्या मधली आहे. एकाच भांड्यात होते, आणि अर्ध्या तासात, त्यातही उभे राहून करण्याचे काम दहा-बारा मिनिटांचे.

तिघांच्या घरासाठी उकड्या तांदळाची कणी एक वाटी. अख्खे उकडे तांदूळ शिजण्यास फार वेळ घेतात, आणि सायंकाळी गृहिणी पेजेचा नाद सोडते तो याच कारणाने. कणी मात्र लवकर शिजते. गिरणीवर कणी न मिळाल्यास उकडे तांदूळ धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरवर भरड काढून ठेवावी. वालयसारख्या लाल तांदळाची कणी मिळाल्यास उत्तम. सोबत सालीची मूगडाळ अर्धी वाटी, कोरडी भाजून. दोन वाट्या भाजी : दुधी, तांबडा भोपळा, पडवळ यांपैकी जे परसात असेल ते, किंवा शेवग्याचा पाला, म्हणजे आपली शेगलाची भाजी. कुकरातच चमचाभर तुपावर जिरे, ठेचलेली लसूण, आले आणि हिंग परतावे, त्यावर कणी, डाळ व भाजी घालावी. धान्य दीड वाटी, म्हणून सहापटीच्या हिशेबाने उघड्या टोपात नऊ वाट्या पाणी लागेल. झाकबंद कुकरात वाफ कमी जाते, तेथे सात वाट्या पुरे होतात. शास्त्रातील प्रमाणे उघड्या भांड्याची आहेत हे आपण रुग्णास सांगायला विसरतो, आणि मग 'पेज फार पचपचीत झाली' अशी तक्रार येते.

तीन शिट्ट्या झाल्यावर आच बंद करावी. कुकर निवेपर्यंत हातपाय धुणे, देवापुढे दिवा लावणे, मुलांच्या वह्या पाहणे होते. मग झाकण काढून पुन्हा आचेवर ठेवावे आणि दोन मोठे चमचे कुळथाचे पीठ अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून, एका हाताने ढवळीत, त्यात सोडावे. पाच-सहा मिनिटे खळखळून उकळी येऊ द्यावी. कच्च्या कुळथाचा उग्र वास जाईपर्यंत उतरू नये. मीठ बेताने. दोन-तीन सोले आच बंद केल्यावर घालावीत, कारण ॲल्युमिनियमच्या कुकरात आंबट शिजवणे बरे नव्हे. वाढताना मिरपूड आणि वर अर्धा चमचा तूप. शारीरिक श्रम करणाऱ्याने कणी दीड वाटी घ्यावी व पाणी त्या हिशेबाने वाढवावे. मत्स्याहारी घरात भाजलेली सुकट हवीच असेल तर अगदी चिमूटभर. सुक्या मासळीच्या मिठाचा हिशेब रक्तदाबाच्या रुग्णाने विसरू नये. दही मात्र यात रात्री कालवू नये. हा निषेध आपल्या परिचयाचा आहे, पण रुग्णांच्या घरी तो सर्रास मोडला जातो.

कुळथाची योजना मी जाणीवपूर्वक केली आहे. भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर आपल्या मळ्यांत कुळीथ पेरतात. माघ-फाल्गुनात तो घरात येतो आणि पावसाळ्याची बेगमी होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत दुपारी-रात्री पिठीभात असतो. तो नाइलाज म्हणून असतो असे आपण समजतो. पण वर्षाऋतूत, अग्नी मंद असताना, संस्कारित यूष घ्यावा असेच ऋतुचर्येत सांगितलेले आहे. उष्ण वीर्य, कषाय रस, अम्ल विपाक, कफवातघ्न, ग्राही, कास, श्वास, हिक्का, अर्श यांत हितकर. या भूमीत, या हवेत, जेथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींनाही ओल असते, तेथे हे धान्य रुजावे यात मला देशसात्म्याचे उत्तम उदाहरण दिसते.

परंतु येथेच सावध राहावयास हवे, आणि पुन्हा एकदा स्वतःचीच चूक सांगतो. मूत्राश्मरीच्या एका रुग्णास मी कुळथाचा यूष रोज घेण्यास सांगितले. अश्मरीवर कुळीथ हे आपल्या हाताशी असलेले पहिले द्रव्य. तिसऱ्या आठवड्यात तो गृहस्थ घाबराघुबरा होऊन आला. शौचावाटे रक्त पडत होते. त्याला पूर्वीपासून रक्तार्श होता आणि मी विचारले नव्हते. 'अर्शास हितकर' हे वचन डोक्यात इतके पक्के होते की ते वातकफज अर्शाचे आहे, आणि पित्त व रक्त दूषित असता तोच कुळीथ ते वाढवतो, हा विवेक त्या वेळी सुचला नाही. कुळीथ थांबवून मुगाचा यूष, लोणी-खडीसाखर आणि योग्य ती औषधे दिल्यावर रक्त थांबले. तेव्हापासून अम्लपित्त, रक्तपित्त, रक्तार्श, अत्यार्तव असलेल्यांसाठी आणि गर्भिणीसाठी माझ्या कृतीतून कुळीथ आणि मिरे वगळलेले असतात. तेथे मुगाचे प्रमाण वाढवतो, लसूण काढतो, धने घालतो. दुधाशी कुळथाचा विरोध चरकाने सांगितला आहे, म्हणून पेजेनंतर झोपताना हळद घातलेले दूध घेण्याची सवय असणाऱ्यांना ते बंद करायला सांगावे लागते. हे विचारल्याशिवाय कळत नाही. चहा-दूध हे 'अन्न' आहे असे रुग्णांना वाटतच नाही.

मधुमेहाच्या रुग्णांविषयी सहव्यवसायी नेहमी विचारतात. केवळ तांदळाची पेज मधुमेह्यास रात्री देऊ नये, हे मी स्पष्टपणे सांगतो. द्रवरूप, पूर्ण शिजलेला तांदूळ रक्तातील साखर झपाट्याने वाढवतो. त्यांच्यासाठी कणी निम्मी, डाळ व कुळीथ दुप्पट, भाजी तिप्पट आणि पेज पातळ न ठेवता दाट. आणि तरीही जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून पाहावी. यंत्र घरोघरी आहे. त्याचा आकडा आपल्या गृहीतकापेक्षा अधिक विश्वासार्ह मानण्यात कमीपणा नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णास डाळी, पालेभाजी, मीठ या सर्वांचीच बंधने असतात. त्याला छापील कागद देऊ नये, त्याचे तपासणी-अहवाल पाहून आणि त्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञाशी बोलून स्वतंत्र लिहून द्यावे. तसेच वमन-विरेचनानंतरचा संसर्जन क्रम हा वेगळा विषय आहे. तेथे पेया, विलेपी, अकृत यूष, कृत यूष हा क्रम शुद्धीच्या प्रमाणानुसारच चालला पाहिजे. वरील कृती तेथे शॉर्टकट म्हणून कोणी वापरू नये.

आता औषधविक्रेत्या मित्रांविषयी दोन शब्द, आणि ते काहींना रुचणार नाहीत याची मला कल्पना आहे. २०२२ साली अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 'आयुर्वेद आहार' यासंबंधीचे नियम अधिसूचित केले. तेव्हापासून 'झटपट यवागू', 'तयार यूष मिश्रण' अशा कल्पना घेऊन प्रतिनिधी दुकानांत येऊ लागले आहेत. केरळात कर्कटक महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, औषधी कंजीच्या सामग्रीचे संच औषधशाळा विकतात आणि लोक ते श्रद्धेने नेतात. मग आपण का नको, असे मला एका विक्रेत्याने विचारले. प्रश्न योग्य आहे. त्या संचात धान्य व औषधी द्रव्ये असतात, कंजी मात्र घरी शिजवावी लागते. हा भेद लहान नाही. पाकिटात शिजवून वाळवलेले, गरम पाण्यात कालवून प्यायचे चूर्ण म्हणजे पुन्हा तेच सूप, फक्त नाव संस्कृत. अग्निसंस्कार ताजा नाही, मात्रा ठरलेली, प्रकृतीनुसार काढघाल करण्याची सोय नाही. आणि टिकवण्यासाठी व चवीसाठी काय घालावे लागते ते वर आलेच आहे.

त्यापेक्षा दुकानात एक फळी रिकामी करावी. तिच्यावर उकड्या तांदळाची स्वच्छ कणी, भाजून दळलेले कुळथाचे पीठ, सालीची मूगडाळ, सुंठ, मिरे आणि चांगली सोले ठेवावीत. सोलांचे तर काय सांगावे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपल्याच बाजारपेठेत मिठाने पांढरी पडलेली, वर्षापूर्वीची सोले विकली जातात. कुळथाचे पीठ एका वेळी महिन्याभराचेच आणावे. पावसाळ्यात त्याला पोरकिडे लागतात आणि जुने पीठ खवट होते. पाकिटावर दळल्याची तारीख घालावी. बचत गटांच्या स्त्रिया हे पीठ उत्तम करतात, त्यांच्याकडून घ्यावे. अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी मात्र करून घ्यावी, औषधाच्या परवान्यावर अन्न विकता येते असे समजू नये. आणि 'कुळीथ पीठ : किडनीस्टोनवर रामबाण' अशी चिठ्ठी पाकिटावर चिकटवू नये! अन्न म्हणून विकायचे तर अन्न म्हणूनच विकावे. यात नफा फारसा नाही हे मला ठाऊक आहे. एका सूपच्या खोक्यामागे सुटते तेवढे चार किलो कणीमागे सुटणार नाही. परंतु जो माणूस महिन्यातून एकदा चूर्ण नेण्यास येतो तो कणीसाठी आठवड्याला येईल, आणि त्याच्याशी बोलणे होईल. औषध घेता की नाही, कसे घेता, हेही त्याच बोलण्यात कळेल. माझ्या परिचयाच्या एका दुकानदाराने गेल्या पावसाळ्यात हे करून पाहिले. कणी पहिल्या दहा दिवसांत संपली. कुळथाचे पीठ मात्र उरले, कारण ते घरोघरी होतेच. आम्हाला दोघांनाही हे आधी सुचले नव्हते.

आपण वैद्यांनी काय करावे याबद्दल माझी सूचना साधी आहे. रुग्णपत्रिकेत 'सायंकाळचे भोजन' असा एक रकाना घालावा : घरी येण्याची वेळ, जेवणाची वेळ, काल रात्री प्रत्यक्ष काय खाल्ले, ते कोणी शिजवले. शेवटचा प्रश्न अनावश्यक वाटेल, पण पथ्य रुग्णाला सांगून उपयोग नसतो. जो शिजवतो त्याला सांगावे लागते. आणि तो बहुधा 'ती' असते, जी स्वतः दिवसभर काम करून आलेली असते. तिच्यावर रुग्णासाठी एक आणि घरासाठी दुसरा असा दोन स्वयंपाकांचा भार टाकणारे पथ्य चार दिवसांहून अधिक टिकत नाही. सर्वांसाठी एकच भांडे, हे म्हणून माझ्या कृतीचे मर्म आहे. घरातील पुरुषांनाही ती करता येते, आणि करावी. दोघा-तिघा सेवानिवृत्त गृहस्थांनी ती शिकून घेतली आहे. त्यातील एकाची पिठी गुठळ्यांची होते, पण त्यांच्या सौभाग्यवतींची त्याबद्दल तक्रार नाही.

मग औषधाप्रमाणेच पथ्यही लिहून द्यावे : द्रव्य, मान, विधी, काल, आणि कोणी घेऊ नये. मी अर्ध्या कागदावर मोठ्या टंकात मराठीत छापून घेतले आहे. एका बाजूस कुळथाची कृती, दुसऱ्या बाजूस मुगाची, आणि देताना जी बाजू नको ती पेनाने काट मारून देतो. वाटी म्हणजे किती, हे लिहिण्याचे पहिल्या खेपेस राहून गेले होते. कोणाची वाटी आमटीची, कोणाची खिरीची! आता १५० मिलिलिटर असे लिहिले आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या शिक्षिकांना हा कागद दिला तेव्हा त्यांनी तो लाल शाईने तपासून दोन शुद्धलेखनाच्या चुकांसह परत केला. सुमारे तीन महिने त्यांनी आठवड्यातून पाच रात्री हेच घेतले. औषधे तीच होती. जिभेवरचा लेप प्रथम गेला, भूक लागू लागली, आणि सकाळचा आखडलेपणा जो दीड तास राहत असे तो वीस-पंचवीस मिनिटांवर आला. केवळ पेजेने आमवात बरा होतो असा माझा दावा नाही. एका रुग्णावरून तसे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. काढ्याला काम करू द्यायचे तर रात्रीचे फरसाण थांबले पाहिजे, एवढेच म्हणतो. शनिवारी-रविवारी त्या मासे खातात, आणि मी त्याबद्दल विचारीत नाही.

आपापल्या तालुक्यात पेजेचे आणि पिठीचे जे भेद आहेत, देवगडकडे वेगळे, दोडामार्गकडे वेगळे, ते सभासदांनी मापासह लिहून आणावेत. पुढील त्रैमासिक बैठकीत चहाच्या वेळी हे कागद एकत्र ठेवता येतील. माझ्या कागदाच्या काही प्रती मी घेऊन येईन. मुगाच्या बाजूवर धन्याचे माप एक चमचा छापले आहे ते अर्धा चमचा असे वाचावे.